आईच्या एमआरआयमध्ये एडीसी ०.८२ वरून १५६०? बोन मॅरो, डिफ्युजन आणि आमची उडालेली झोप

नळस्टॉपवाला | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज धागा काढायची वेळ आली.

आई ६४ वर्षांची. गेल्या वर्षी पाठ धरली म्हणून सुरुवात झाली आणि निदान निघालं मल्टिपल मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) पेशींचा कॅन्सर. त्या वेळी डॉक्टरांनी पूर्ण शरीराचा एमआरआय 'डिफ्युजनसकट' करायला सांगितला होता. मग पोटावर टोचायची बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, लेनालिडोमाइडच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा स्टेरॉइड (त्या रात्री आई झोपत नाही, दोन वाजता कपाट आवरत बसते). चार महिने झाले. रक्तातला एम-प्रोटीन (या कॅन्सरच्या पेशी बनवतात ते प्रथिन) ३.१ वरून ०.४ वर आलाय. पाठ बरी आहे. डॉक्टर खूश.

आता परत तोच एमआरआय केला. जुन्या सेंटरला तीन आठवडे थांबावं लागत होतं, म्हणून दुसरीकडे केला. रिपोर्ट आज संध्याकाळी हातात आला. पहिल्या रिपोर्टमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापुढे लिहिलं होतं 'एडीसी ०.८२'. आता त्याच मणक्यापुढे लिहिलंय 'एडीसी १५६०, वाढलेली'. मागच्या स्कॅनशी तुलना नाही, कारण म्हणे 'आधीच्या फिल्म उपलब्ध नाहीत'. आम्ही सीडी दिली होती. काउंटरवरच्या मुलीने ती फाइलला स्टेपल केली. सीडीला. स्टेपल.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट गुरुवारी. तोवर घरात दोन पक्ष पडलेत. ताईने नेटवर वाचलं की निरोगी बोन मॅरोची एडीसी कमी असते आणि मायलोमात ती वाढते, म्हणजे वाढली हे वाईट. भावजींनी वाचलं की कॅन्सरच्या गाठीची एडीसी कमी असते, म्हणजे वाढली हे चांगलं. दोघांकडे दाखवायला लेख आहेत. आईला अजून काही सांगितलेलं नाही, पण तिने आमचे चेहरे वाचलेत.

कोणाला यातलं कळतं का?

---

कोथरूडची_काकू | सोमवार, रात्री ११:२५

अरे, आधी पाणी पी. एम-प्रोटीन ३.१ चा ०.४ झालाय हे तूच लिहिलंयस ना? मग आजार वाढला असं कसं होईल? मी डॉक्टर नाही, पण माझ्या जावेचं हेच दुखणं होतं, तिचे डॉक्टर आधी तो आकडा बघत आणि मगच बाकीचं.

आईला सांगा. न सांगण्याने त्या जास्त घाबरतील.

---

अणुरेणू | सोमवार, रात्री ११:४८

झोपण्यापूर्वी एवढं वाचा: १५६० आणि ०.८२ ही वेगवेगळ्या एककांतली मापं आहेत.

एडीसी म्हणजे त्या जागी पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात त्याचं माप, मोजतात चौरस मिलीमीटर प्रति सेकंदात. आकडा अगदी बारीक असतो, दशांश चिन्हानंतर शून्यंच शून्यं. मग कोणी तो दहाचा उणे तीन घात बाहेर काढून ०.८२ लिहितो, कोणी उणे सहा घात काढून ८२०. मशीनच्या कंपनीवर आणि लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून. तुमचा १५६० म्हणजे १.५६. शरीराच्या तापमानाला अगदी शुद्ध, मोकळ्या पाण्याचाच आकडा या एककात साधारण ३ असतो. १५६० व्हायला आईच्या मणक्यातलं पाणी बंदुकीच्या गोळीसारखं धावायला हवं.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ०.८२ चं १.५६ का झालं. त्याचं उत्तर डॉक्टर मंडळी देतील, मी नुसता रसायनवाला.

---

नळस्टॉपवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

अणुरेणू, तुमचे उपकार. रात्री बायकोला उठवून सांगितलं. पण दुप्पट तर झालाच आहे ना? ताईचा पक्ष अजून ठाम आहे.

---

हिरवेपान | मंगळवार, सकाळी ८:३०

गव्हांकुराचा रस सुरू करा. बोन मॅरोवर रामबाण. मी पाठवू शकतो, व्यनि करा.

---

कोथरूडची_काकू | मंगळवार, सकाळी ८:३४

हिरवेपान, इथे विकू नका. औषधं चालू असताना कुठलाही रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पुढे.

---

छायाप्रकाश | मंगळवार, दुपारी २:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, हेच स्कॅन वाचणं माझं रोजचं काम. नळस्टॉपवाला, तुमच्या आईंचे फोटो न बघता मी निदान देणार नाही. पण ताई आणि भावजी दोघंही बरोबर कसे, ते सांगता येईल.

डिफ्युजन एमआरआय म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे भटकतात ते बघणं. पहाटे पाचला लक्ष्मी रोडवर एखाद्याला सोडा, तो हवा तिकडे फिरेल. विसर्जनाच्या रात्री त्यालाच अलका चौकात उभा करा, पाऊल टाकायला जागा नाही. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, मधलं पाणी अडकतं, एडीसी खाली येते. मेंदूत, यकृतात, प्रोस्टेटमध्ये हा हिशेब चालतो. भावजींनी वाचलं ते हे.

बोन मॅरोचं गणित वेगळं. साठीनंतरच्या माणसाच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडात बरीचशी चरबी असते. पिवळा मॅरो म्हणतात तो. चरबीच्या पेशी मोठ्या, तेलाने भरलेल्या, पाणी जेमतेम. आणि हा स्कॅन करताना आम्ही चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबून टाकतो. मग तिथे मोजायला जवळजवळ काही उरतच नाही, आकडा ०.३-०.५ च्या आसपास येतो. मायलोमाच्या पेशी तिथे घुसल्या की त्या पाणी घेऊन येतात. पाणी अडकलेलं असतं, पण असतं. त्यामुळे आकडा निरोगी मॅरोपेक्षा *वर* जातो. साधारण ०.६-०.७ ते १.४ या पट्ट्यात जिवंत आजार सापडतो. ताईंनी वाचलं ते हे.

आता औषध लागू पडलं की काय होतं? पेशी मरतात, भिंती फुटतात, सूज येते, पाण्याला जागाच जागा. आकडा आणखी वर जातो, १.४ च्या पुढे. म्हणजे पहिली चढण आजाराची आणि दुसरी चढण उपचाराची. पुढे काही महिन्यांनी मेलेल्या पेशींचा कचरा साफ होतो, चरबी परत भरते, आणि आकडा उतरत उतरत पुन्हा ०.४ वर.

कात्रजचा जुना घाट आठवा. चढताना एका उंचीवरून जाता, बोगदा ओलांडून उतरताना परत त्याच उंचीवरून जाता. नुसती उंची सांगितली तर गाडी पुण्याहून निघाली आहे की खेड शिवापूरला पोचत आली आहे, कसं कळणार? एडीसीचा एकटा आकडा असाच. ०.८ हा चढावरचा असू शकतो, उतारावरचाही.

म्हणून तुलना लागते. २०१९ मध्ये या स्कॅनचे रिपोर्ट कसे लिहावेत यासाठी 'माय-रॅड्स' नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. त्यात प्रत्येक भागाला १ ते ५ श्रेणी देतात. १ म्हणजे प्रतिसाद मिळतोय याची दाट शक्यता, ३ म्हणजे जैसे थे, ५ म्हणजे आजार बळावतोय याची दाट शक्यता. एडीसी १.४ च्या आतून बाहेर गेली, किंवा चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली आणि सोबत डिफ्युजनच्या चित्रातला उजळपणाही कमी झाला, तर ते १ मध्ये धरतात. पण त्यासाठी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडावे लागतात.

स्टेपल मारलेली सीडी जाऊ द्या. जुन्या सेंटरकडे जाऊन पेन ड्राइव्हवर 'डायकॉम' फाइल (मशीनमधली मूळ डिजिटल चित्रं) मागा. फिल्मवर किंवा मोबाइलच्या फोटोवर एडीसी मोजता येत नाही.

---

धनकवडीकर | मंगळवार, दुपारी ३:४०

छायाप्रकाश, माहिती उत्तम, उपमा मात्र गंडली. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात माणूस अडकत नाही, आपोआप टिळक चौकाकडे ढकलला जातो. स्वानुभव.

---

छायाप्रकाश | मंगळवार, दुपारी ३:५२

धनकवडीकर, अलका चौक आणि टिळक चौक एकच की हो! तुम्हाला ढकललं तरी तुम्ही जागेवरच राहिलात. उपमा सिद्ध झाली.

---

धनकवडीकर | मंगळवार, दुपारी ४:०१

मान्य. नांगी टाकली.

आता खरा प्रश्न. माझ्या मेव्हण्याला पेट-सीटी सांगितलाय, एमआरआय नाही. मग भारी कुठला?

---

छायाप्रकाश | मंगळवार, रात्री ९:१५

भारी-हलका असं नाही. दोघे वेगळं मोजतात. पेट-सीटीत साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचतात, भुकेल्या पेशी ते खातात आणि उजळतात. औषधानंतर कुठे जिवंत आजार शिल्लक आहे हे बघायला पेट फार चांगला. अडचण अशी की काही रुग्णांच्या मायलोमा पेशी ती साखर नीट धरून ठेवत नाहीत, मग आजार असून पेट कोरा येतो. मधुमेह्यांची साखर आधी आटोक्यात आणावी लागते. आणि किरणोत्सर्ग आहेच.

डिफ्युजन एमआरआयमध्ये मॅरोत पसरलेला, विखुरलेला आजार लवकर दिसतो. किरणोत्सर्ग शून्य. आणि याला गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून देतात त्या द्रव्याचं, इंजेक्शन लागत नाही. मायलोमात मूत्रपिंडं अनेकदा आधीच थकलेली असतात, तिथे ही मोठी सोय. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत मायलोमाच्या संशयासाठी पूर्ण शरीराचा एमआरआय पहिल्या पसंतीचा ठरवला.

जुन्या पद्धतीने सगळ्या हाडांचे एक्स-रे काढायचे, ते मात्र आता मागे पडलं. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय एक्स-रेवर भोक दिसत नाही.

मेव्हण्यांच्या डॉक्टरांनी पेट सांगितला असेल तर कारण असेल. एकच पाळा: पहिला स्कॅन ज्या प्रकारचा, पुढचेही त्याच प्रकारचे. जमलं तर त्याच मशीनवर.

---

दोन_चिमण्या | बुधवार, सकाळी १०:२०

आमचा अनुभव लिहिते, कोणाच्या तरी कामी येईल.

मागच्या पावसाळ्यात पाठ दुखते म्हणून माझा कमरेचा एमआरआय झाला. वय ४१. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती: 'मॅरोचा सिग्नल सर्वत्र बदललेला, मॅरोमध्ये पसरणारा आजार नाही ना हे पाहावे.' नवऱ्याने ती ओळ स्कूटर चालवताना सिग्नलला वाचली आणि म्हात्रे पुलाच्या कडेला स्कूटर लावून तो दहा मिनिटं तसाच बसून राहिला.

चार दिवस आम्ही घरात दबक्या आवाजात बोलत होतो. मग फॅमिली डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी केली. हिमोग्लोबिन ७.१. पाळीचा त्रास मी वर्षभर अंगावर काढत होते. लोहाची कमतरता, बाकी काही नाही. औषधं, लोहाची इंजेक्शनं, आता हिमोग्लोबिन १२ आहे.

त्या ओळीआधी कोणी विचारलं असतं की 'बाई, तुमचं रक्त कमी आहे का?', तर?

---

छायाप्रकाश | बुधवार, दुपारी २:२०

दोन_चिमण्या, आमच्या धंद्याच्या वतीने माफी. त्या खोलीत बसून आम्हाला रुग्ण दिसत नाही, फॉर्मवर फक्त 'पाठदुखी' लिहिलेलं असतं. पण विचारायला हवं होतं, हे खरं.

तुम्ही लिहिलंत तो फार मोठा मुद्दा. रक्त कमी पडलं की शरीर झोपलेला पिवळा मॅरो जागा करून त्याचा लाल कारखाना करतं. लाल मॅरोत पेशी जास्त, पाणी जास्त, म्हणून डिफ्युजनमध्ये तोही उजळतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका आहे की मी असा मॅरो दिसला की आधी हिमोग्लोबिन मागवतो. जास्त सिगारेट ओढणारे, खूप स्थूल माणसं, लांब पल्ल्याचे धावपटू यांच्यातही हेच दिसतं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं देतात, त्यानंतर लगेच स्कॅन केला तर अख्खा मणका दिवाळीसारखा उजळतो. लहान मुलांत तर लाल मॅरोच स्वाभाविक.

उलट फसवणूकही आहे. वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णाच्या मॅरोत लोह साठतं आणि ते सिग्नल गिळून टाकतं. मॅरोत मायलोमाचं प्रमाण थोडंच असेल तर स्कॅन साफ दिसू शकतो. म्हणून बायोप्सी सुटत नाही. पण बायोप्सीची सुई कमरेच्या हाडात एकाच जागी जाते आणि आजार कधी कधी ठिपक्याठिपक्यांनी असतो. सुई नेमकी दोन ठिपक्यांच्या मधे गेली तर? दोन्ही एकमेकांना सावरतात.

आणि आपल्याकडचं खास: मणक्याचा टीबी. त्याचीही एडीसी गाठीच्या आकड्यांशी गल्लत करते. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती खातो, बाजूला पू साठवतो, मायलोमा चकतीला सहसा हात लावत नाही. तरी खात्री नसेल तर सुई घालून बघायचं. आकड्यावर टीबीची औषधं सुरू करायची नाहीत आणि केमोही नाही.

यासाठीच आम्ही डिफ्युजन कधीच एकटं वाचत नाही. शेजारी साधा टी-१, म्हणजे एमआरआयचंच नेहमीचं चित्र, ठेवतो. टी-१ वर निरोगी मॅरो स्नायूपेक्षा आणि चकतीपेक्षा उजळ दिसतो, चरबीमुळे. तो स्नायूहून काळा झाला असेल तर चरबीची जागा कोणीतरी घेतली आहे. चरबीचं प्रमाण टक्क्यांत मोजणारी 'डिक्सन' नावाची पद्धतही त्याच बैठकीत होते. घाट उतरताना एडीसी कमी होतेय आणि चरबीचे टक्के वाढतायत, असं दोन्ही दिसलं की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो.

---

अणुरेणू | बुधवार, रात्री ९:४०

छायाप्रकाश यांनी डॉक्टरी बाजू सांगितली, मी यंत्राची थोडी सांगतो. अवांतर वाटलं तर ओलांडून जा.

आम्ही प्रयोगशाळेत एनएमआरच्या (एमआरआयचंच मूळ तंत्र) बारीक नळीत द्रावण घालून हेच मोजतो, फक्त माणसाऐवजी रसायन. मूळ युक्ती १९६५ ची, स्टेस्कल आणि टॅनर या दोघांची. चुंबकीय क्षेत्राचा एक झटका द्यायचा, त्याने प्रत्येक रेणूवर त्याच्या जागेचा शिक्का बसतो. थोडं थांबून उलटा झटका द्यायचा. रेणू जागेवरच असेल तर शिक्का पुसला जातो आणि सिग्नल जसाच्या तसा परत येतो. सरकला असेल तर पुरता पुसला जात नाही, सिग्नल घटतो. म्हणजे चित्रात जे उजळ ते अडकलेलं, जे गायब ते मोकळं.

झटक्याची ताकद म्हणजे ती 'बी-व्हॅल्यू'. पूर्ण शरीराच्या स्कॅनमध्ये साधारण ५० आणि ८००-१००० अशा दोन घेतात. दोन्ही चित्रांत सिग्नल किती घटला त्यावरून एडीसी निघते. सोपा हिशेब: बी १००० असताना एडीसी १ असलेल्या जागेचा सुमारे ३७ टक्के सिग्नल उरतो, एडीसी ३ असलेल्या मूत्राशयातल्या लघवीचा फक्त ५ टक्के.

मला यात सगळ्यात गंमत वाटते ती मोजपट्टीची. पन्नास मिलिसेकंदांत मोकळा पाण्याचा रेणू वीस-तीस मायक्रॉन सरकतो. पेशीही साधारण त्याच मापाच्या. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका काही मिलीमीटरचा, त्याला पेशी दिसूच शकत नाही. पण पाणी पेशीच्या भिंतीवर आपटून परत येतं आणि तिची खबर देतं.

फ्रान्सच्या देनी ल बिआँ यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात हे माणसावर आणलं, मेंदूसाठी. लकव्याच्या निदानात ते रुळलं. पोट, छाती, हाडं यांच्यावर ते चालेना, कारण श्वास आणि चरबी. जपानच्या ताकाहारा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की रुग्णाला खुशाल श्वास घेऊ द्या, चरबी नीट दाबा आणि पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढा, अख्खं शरीर मिळतं. चित्र उलट्या छटेत छापलं की थेट पेटसारखं दिसतं.

---

नळस्टॉपवाला | बुधवार, रात्री १०:१५

अणुरेणू, त्या उलट्या छटेच्या चित्रात आईचा मेंदू आणि पोटात डावीकडे एक मोठा काळा गोळा दिसतोय. आम्ही तो मोजला नव्हता!!

---

छायाप्रकाश | बुधवार, रात्री १०:२२

प्लीहा. सगळ्यांची काळीच दिसते. मेंदू, मज्जारज्जू, लाळग्रंथीही. झोपा आता.

---

पिंपळे_पुरुषोत्तम | बुधवार, रात्री ११:००

वाचनखूण साठवली.

माझ्या वडिलांचं प्रकरण वेगळं. त्यांना कसलाच त्रास नव्हता. विम्याच्या तपासणीत प्रथिनं वाढलेली निघाली, मग 'स्मोल्डरिंग मायलोमा', म्हणजे धुमसणारा. कॅल्शियम ठीक, किडनी ठीक, हिमोग्लोबिन ठीक, एक्स-रे साफ. तेव्हा नुसतं लक्ष ठेवू म्हणाले. आम्हाला तेच गोड वाटलं. पण रक्तविकारतज्ज्ञांनी पूर्ण एमआरआय करायचा आग्रह धरला. एक ठिपका खुब्यात आणि एक डाव्या खांद्याजवळ, दोन्ही ५ मिलीमीटरपेक्षा मोठे.

तिथून 'लक्ष ठेवू' संपलं आणि उपचार सुरू. त्यांनी सांगितलं की २०१४ पासून निकषच तसा आहे: एमआरआयवर एकापेक्षा जास्त असे ठिपके असतील तर हाडं मोडायची वाट बघायची नाही, उपचार लागणारा मायलोमा धरायचा. बाबांना ते पटेना. 'मला काही होत नाही आणि हे सुया मारतायत.' मग डॉक्टरांनी त्यांना स्क्रीनवर खुब्यातला ठिपका दाखवला, वाटाण्याएवढा. बाबा आयुष्यभर शेंगदाण्याच्या व्यापारात. म्हणाले, 'एक किडका दाणा दिसला की पोतं उघडून बघायचंच असतं.' स्वतःच तयार झाले.

---

औंधचे_आजोबा | गुरुवार, सकाळी ६:३०

मला पेसमेकर आहे आणि उजव्या गुडघ्यात वाटी बदललेली. मला हे करता येईल का?

---

छायाप्रकाश | गुरुवार, सकाळी ८:१०

काका, गुडघ्याची अडचण कमी. धातूभोवती डिफ्युजनचं चित्र वेडंवाकडं होतं, तेवढा भाग वाया जातो, बाकीचं शरीर दिसतं. पेसमेकरचं कार्ड शोधून ठेवा. काही पेसमेकर अटींसह एमआरआयला चालतात, त्याआधी हृदयरोगवाल्यांकडून तो एमआरआयच्या मोडवर टाकून घ्यावा लागतो. कार्ड न दाखवता त्या खोलीच्या दाराजवळही जायचं नाही.

---

कोथरूडची_काकू | गुरुवार, सकाळी ९:००

नळस्टॉप, आज ना अपॉइंटमेंट? आणि स्कॅनला नक्की काय होतं तेही लिही. माझ्या नणंदेला सांगितलाय, ती बंद जागेला घाबरते.

---

नळस्टॉपवाला | गुरुवार, सकाळी ९:२०

हो, साडेअकराला. रिक्षात बसल्याबसल्या लिहितो.

सगळा धातू काढावा लागतो. मंगळसूत्र रुमालात बांधून ताईकडे दिलं. बांगड्या निघाल्या. जोडवी निघेनात. चाळीस वर्षांची जोडवी, बोटांना वळ पडलेले. शेवटी तिथल्या मावशींनी बेसिनवरचा साबण लावून एकेक फिरवत काढली, आणि आई त्या मावशींशीच बोलत बसली, तुमची कुठली, कधी लग्न झालं. गाऊनला हूक नको, नाडी हवी. खोली गार, दोन ब्लँकेटं दिली. हातात रबराचा फुगा देतात, नको वाटलं तर दाबायचा. कानात बोळे, वरून हेडफोन. पाऊण तास ते तास लागतो. शरीराचे टप्पे पाडून घेतात, मधे मधे टेबल सरकतं. डिफ्युजनच्या वेळी नुसती थरथर आणि ठकठक, आई म्हणाली, 'ढोलपथकातल्या पोराला डोक्याशी बसवलं होतं.' तिने डोळे आत जाण्यापूर्वीच मिटले होते, शेवटपर्यंत उघडले नाहीत. नणंदबाईंना तेच सांगा. आत गेल्यावर मिटले तर उपयोग नाही.

---

नळस्टॉपवाला | गुरुवार, रात्री ८:४५

जाऊन आलो. उशिरा लिहितोय, कारण घरी आल्यावर सगळे आडवे झालो.

जुन्या सेंटरमधून काल दुपारीच पेन ड्राइव्हवर फाइल आणली होती (छायाप्रकाश, तुमच्यामुळे). डॉक्टरांनी त्यांच्या रेडिओलॉजिस्टना खाली फोन केला आणि त्यांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. दोन स्क्रीन. डावीकडे गेल्या वर्षीचा मणका, उजवीकडे आताचा. डावीकडे बी ८०० च्या चित्रात तिसरा मणका आणि कमरेचं उजवं हाड दिव्यासारखं पेटलेलं, उजवीकडे तीच जागा विझलेली, राखाडी. एडीसी ०.८२ चं १.५६, कमरेच्या हाडात ०.७९ चं १.६१. चरबीचे टक्के कडेकडेने वाढायला लागलेत. त्यांनी श्रेणी १ लिहिली. मग प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे पेनाने एक डोंगर काढला आणि आईचा ठिपका माथ्यावर ठेवला. मी म्हटलं, 'कात्रजचा घाट.' ते म्हणाले, 'तुम्हाला कोणी सांगितलं?' मी काही बोललो नाही.

एका जागी मात्र त्यांनी बराच वेळ काढला. छातीच्या मधल्या हाडात एक छोटा ठिपका, गेल्या वर्षी ०.९५, आता १.०. जवळपास तेवढाच. तिथे हृदय धडधडतं, श्वास चालतो, चित्र हलतं, म्हणून आकड्यावर फार विसंबता येत नाही असं ते म्हणाले, पण सोडलाही नाही. त्याला ३ दिला. मायलोमाचे डॉक्टर म्हणाले की रक्ताचे आकडे चांगले आहेत, ट्रान्सप्लांटच्या तयारीला लागू, आणि त्यानंतर हाच स्कॅन *त्याच मशीनवर*. त्या ठिपक्याखाली त्यांनी स्वतः लाल रेघ मारली. हाडांचं इंजेक्शन चालू ठेवायचंय, आधी दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून.

ताई आणि भावजी दोघंही जिंकल्याचं जाहीर करून एकमेकांना मस्तानी पाजायला गेले.

आईला सगळं सांगितलं, छातीतल्या ठिपक्यासकट. तिने डोंगराचा कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाली, 'पुढच्या वेळेला जोडवी घरूनच काढून जाईन.'

---

अणुरेणू | गुरुवार, रात्री ९:०२

छान. पुढच्या रिपोर्टवर एकक कुठलं आहे ते तेवढं आधी बघा.